दप्तर आणि गाळ

अमेरिकन सिनेटच्या ज्या समितीकडे सार्वजनिक जमिनी, पाणी आणि खनिजे यांचा विषय सोपविलेला होता, तिच्यापुढे १६ एप्रिल १९६९ रोजी लिंटन कीथ कॉल्डवेल नावाचे पंचावन्न वर्षांचे एक प्राध्यापक साक्ष देण्यासाठी उपस्थित झाले. निसर्गरक्षणाच्या विधेयकावर बोलावयास एखादा रसायनशास्त्रज्ञ यावा किंवा जीवशास्त्रज्ञ यावा, अशी कोणाचीही अपेक्षा असणार. पण कॉल्डवेल यांचा विषय होता लोकप्रशासन. सरकारी खाती कशी जन्मास येतात, कशी वाढतात, आपापल्या हद्दी कशा राखतात, वरून निघालेल्या हुकुमाचे खाली पोहोचेपर्यंत काय होते आणि खालून निघालेले गाऱ्हाणे वर जाताना कोणत्या मेजावर अडते, याचा अभ्यास करण्यात त्यांचे उभे आयुष्य गेले होते. समितीचे अध्यक्ष हेन्री जॅक्सन यांना त्या दिवशी त्यांनी जे सांगितले त्याचा आशय असा की, राष्ट्राने सृष्टीशी कसे वागावे याचा उदात्त जाहीरनामा कायद्यात घालणे योग्यच आहे, परंतु केवळ जाहीरनाम्याने कोणतेही खाते हलत नाही. ज्या खात्याला धरण बांधावयाचे आहे, रस्ता काढावयाचा आहे किंवा परवाना द्यावयाचा आहे, त्याने आपल्या कृतीचे परिणाम आधी लेखी मांडलेच पाहिजेत, अशी कृतीस भाग पाडणारी तरतूद कायद्यात हवी. आज जगातील बहुतेक देशांत पर्यावरणीय परिणामांचे मूल्यमापन या नावाने जी पद्धत रूढ आहे तिचे बीज या साक्षीत आहे, आणि ज्या विद्यालयाची हकीकत मला येथे सांगावयाची आहे त्याचेही.

कॉल्डवेल यांचा जन्म १९१३ साली आयोवा संस्थानातील माँटेझूमा या लहानशा गावी झाला. शिकागो विद्यापीठाची विद्वत्पदवी मिळविल्यानंतर त्यांनी काही काळ संयुक्त राष्ट्रांच्या वतीने परदेशी प्रशासनाच्या उभारणीचे काम केले, अंकारा येथे तुर्कस्तान व मध्यपूर्वेसाठी निघालेल्या लोकप्रशासन संस्थेची धुरा वाहण्यात वाटा उचलला, आणि १९५६ मध्ये ते इंडियाना विद्यापीठात ब्लूमिंग्टन येथे स्थिरावले. १९६३ साली ‘पब्लिक ॲडमिनिस्ट्रेशन रिव्ह्यू’ या त्रैमासिकात त्यांचा एक लेख आला. पर्यावरण हा सार्वजनिक धोरणाचा नवा केंद्रबिंदू होऊ शकेल काय, असा प्रश्न त्याच्या शीर्षकातच होता. रेचेल कार्सन यांचे कीटकनाशकांवरील पुस्तक आदल्याच वर्षी प्रसिद्ध होऊन देशभर खळबळ उडाली होती. तथापि विषारी औषधांविरुद्ध आवाज उठविणे निराळे आणि राज्यकारभाराच्या शास्त्रात ‘पर्यावरण’ या पदाला एक स्वतंत्र घर मिळवून देणे निराळे. एकाच नदीवर एक खाते बंधारा घालते, दुसरे तिचा तळ उकरून जहाजांसाठी वाट करते, तिसरे तिच्यात मासे सोडते आणि चौथे शहराच्या सांडपाण्याला तिच्याकडे जाण्याची परवानगी देते. प्रत्येकाची फाइल आपल्या जागी बिनचूक असते, आणि नदी मात्र मरते. आपल्याकडील महसूल, वन आणि पाटबंधारे या खात्यांच्या सीमारेषेवर एखादा अर्ज घेऊन ज्याने महिनोन्महिने खेटे घातले आहेत, त्याला हे समजावून सांगण्याची गरज नाही. कॉल्डवेल यांनी हा अनुभव सिद्धान्ताच्या पातळीवर नेला: नदीला, हवेला, मातीला खात्यांच्या हद्दी ठाऊक नसतात, म्हणून कारभार पाहणाऱ्याची दृष्टीच बदलावी लागेल.

१९६९ हे वर्ष त्यांच्या म्हणण्याला जणू पुरावे गोळा करून देत होते. जानेवारीच्या अखेरीस कॅलिफोर्नियात सांता बार्बराच्या किनाऱ्यासमोर समुद्रातील तेलविहीर फुटली आणि वाळूवर काळे थर साचले. २२ जून रोजी ओहायोतील क्लीव्हलँड शहरातून वाहणाऱ्या कायाहोगा नदीच्या तेलकट पृष्ठभागाने पेट घेतला. जॅक्सन यांचे विधेयक १० जुलै रोजी सिनेटमध्ये संमत झाले, सप्टेंबरात प्रतिनिधिगृहाने आपला मसुदा ३७२ विरुद्ध १५ मतांनी मंजूर केला, आणि दोन्ही मसुद्यांचा मेळ घालताना एक गोष्ट मात्र गळाली. आरोग्यदायी परिसर हा प्रत्येक व्यक्तीचा मूलभूत व अविच्छेद्य हक्क आहे असे सिनेटच्या मसुद्यात स्वच्छ लिहिले होते. अंतिम कायद्यात त्या हक्काच्या जागी, प्रत्येकाला असा परिसर लाभावा, अशी नुसती सदिच्छा राहिली. मला ही हानी फार मोठी वाटते. एका शब्दाच्या फेरबदलाने दाव्याचे रूपांतर आशीर्वादात झाले, आणि त्याची भरपाई पुढे न्यायालयांना कलमे पिंजून करावी लागली. १ जानेवारी १९७० रोजी राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी स्वाक्षरी केली, आणि कायद्याचे एकशे दुसरे कलम, म्हणजेच कॉल्डवेल यांची ती तरतूद, अंमलात आली. संघराज्याच्या कोणत्याही खात्याने परिसरावर लक्षणीय परिणाम करणारे काम हाती घेण्यापूर्वी त्या परिणामांचे, टाळता न येणाऱ्या हानीचे आणि कामाच्या पर्यायांचे सविस्तर निवेदन तयार केलेच पाहिजे, असे ते सांगते.

हे कलम कागदावर राहणार की कारभारात उतरणार, याचा निकाल मेरीलँडमधील चेसापीक उपसागराच्या काठी लागला. तेथील कॅल्व्हर्ट क्लिफ्स या ठिकाणी अणुवीजकेंद्र उभे राहत होते, आणि अणुऊर्जा आयोगाने नियम असा केला होता की कोणी हरकत घेतली तरच परिसराचा विचार सुनावणीत करावयाचा, एरवी निवेदन फायलीला जोडले की पुरे. जुलै १९७१ मध्ये न्यायमूर्ती स्केली राइट यांनी हा नियम धुडकावून लावला. खात्याने खेळाच्या पंचासारखे तटस्थ बसून कोणी तक्रार करते काय याची वाट पाहावयाची नाही, विचार त्याने स्वतः केला पाहिजे, आणि तो निर्णयाच्या प्रत्येक पायरीवर केला पाहिजे, असा त्या निर्णयाचा मथितार्थ होता. त्याच सुमारास अलास्कातील तेलवाहिनीचे प्रकरण गाजत होते. आरंभी काही पानांत उरकलेले निवेदन न्यायालयात टिकले नाही; १९७२ च्या मार्चमध्ये जे निवेदन बाहेर पडले ते नऊ खंडांचे होते. गोठलेल्या जमिनीवरून तापलेले तेल वाहिले तर जमीन वितळून नळ खचतील काय, हरणांचे कळप नळ ओलांडतील काय, भूकंप झाला तर काय, हे प्रश्न आता भूगर्भशास्त्राच्या वर्गातून निघून सरकारी दप्तरात येऊन बसले.

आणि येथेच एक व्यावहारिक अडचण उभी राहिली, जिचा विचार कायदा करणाऱ्यांनी फारसा केला नसावा. ही निवेदने लिहिणार कोण? त्याहूनही महत्त्वाचे, ती वाचणार कोण? खात्यातील अधिकारी कायदा जाणत होता, अंदाजपत्रक जाणत होता, पण पाण्यातील विरघळलेल्या प्राणवायूचा आकडा त्याच्यासमोर ठेवला तर तो समाधानाचा की काळजीचा हे त्याला सांगता येत नव्हते. प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञाला तो आकडा कळत होता, पण तो कोणत्या टप्प्यावर, कोणत्या अधिकाऱ्यापुढे, कोणत्या कलमाखाली मांडला म्हणजे निर्णय बदलतो, हे त्याला अवगत नव्हते. दोघेही प्रामाणिक, दोघेही विद्वान, आणि दोघांच्या मध्ये भाषेची दरी.

ही दरी बुजविण्याचा प्रयत्न म्हणून १९७२ साली इंडियाना विद्यापीठाने ‘स्कूल ऑफ पब्लिक अँड एन्व्हायर्न्मेंटल अफेअर्स’ स्थापन केले. इंग्रजी आद्याक्षरे जोडून विद्यार्थी त्याला ‘स्पीया’ म्हणू लागले. संस्थापकांत कॉल्डवेल होतेच; पहिले अधिष्ठाते झाले चार्ल्स बोनसर. ब्लूमिंग्टनच्या भोवतालची भूमी चुनखडीच्या दगडाची. तेथील खाणींतून काढलेल्या फिकट करड्या चिऱ्यांनी न्यूयॉर्कची एम्पायर स्टेट इमारत मढविली गेली, आणि विद्यापीठाच्या जुन्या वास्तूही त्याच दगडाच्या आहेत. अशा त्या शांत, टेकड्यांच्या गावी लोकप्रशासन, अर्थशास्त्र, कायदा, जीवशास्त्र आणि रसायन यांचे अध्यापक एकाच विद्यालयात आणावयाचे, आणि तेथे नेहमीचे विषयवार विभाग पाडावयाचे नाहीत, असा संकल्प सोडण्यात आला. विद्यापीठांच्या जगात विभाग म्हणजे वतन असते. ज्याला आपल्या वतनाच्या चतुःसीमा ठाऊक आहेत त्याला दुसऱ्याच्या ओसरीवर बसावयास सांगणे किती कठीण, हे शिक्षणसंस्थांत वावरलेल्या कोणालाही कळेल, आणि म्हणूनच हा संकल्प मला कायद्याच्या त्या कलमाइतकाच धैर्याचा वाटतो. नगरपालिकेच्या जमाखर्चाचा अभ्यास करणारा विद्यार्थी आणि तळ्यातील शेवाळाचा अभ्यास करणारा विद्यार्थी एका जिन्यावर भेटावेत, एवढीच त्यामागची साधी योजना होती. पुढे प्रशासन आणि पर्यावरणविज्ञान या दोन्ही विषयांची पदव्युत्तर पदवी जोडीने घेण्याची सोयही झाली, आणि एकाच डोक्यात दोन भाषा नांदू लागल्या.

विद्यालयाला प्रश्न शोधण्यासाठी दूर जावे लागले नाही. ब्लूमिंग्टनमध्येच वेस्टिंगहाउस कंपनीचा विजेचे कपॅसिटर तयार करण्याचा कारखाना होता, आणि १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून १९७७ पर्यंत त्या कपॅसिटरांत पीसीबी या नावाने ओळखली जाणारी तेलकट, न कुजणारी रसायने भरली जात होती. १९७५ मध्ये गावाच्या सांडपाण्यात ती सापडली. सांडपाणी शुद्ध करून उरणारा गाळ कित्येक रहिवाशांनी खत म्हणून आपल्या परसबागांत नेऊन घातला होता. टाकाऊ कपॅसिटर आसपासच्या उकिरड्यांत पुरलेले होते. आणि चुनखडीच्या जमिनीत आतून भेगा व पोकळ्या असल्यामुळे पावसाचे पाणी ते विष घेऊन कोणत्या झऱ्यातून बाहेर पडेल याचा भरवसा नव्हता. दगडाने गावाला वैभव दिले, त्याच दगडाच्या भेगांनी आता घात केला. १९८५ साली कंपनी, नगरपालिका आणि सरकार यांच्यात न्यायालयाच्या संमतीने समझोता झाला आणि दूषित माती गावच्या कचऱ्याबरोबर एका मोठ्या भट्टीत जाळावी असे ठरले. पण भट्टीच्या धुरातून आणखी काय बाहेर पडेल, या शंकेने नागरिक उठले आणि ती भट्टी कधीच बांधली गेली नाही. जाळण्याने एक विष जाऊन दुसरे उत्पन्न होते काय, ही शंका अडाणीपणाची होती की रास्त होती? तिचे उत्तर, योगायोगाने, त्याच गावातील त्याच विद्यालयातल्या प्रयोगशाळेत एका वर्षापूर्वी लिहिले गेले होते, आणि त्याची सामग्री एका निर्जन बेटावरून आलेली होती.

अमेरिका आणि कॅनडा यांच्या मधोमध असलेल्या सुपीरियर सरोवरात आयल रॉयल नावाचे एक अरण्यमय बेट आहे. ते राष्ट्रीय उद्यान असून तेथे ना मोटारी, ना शेती, ना कारखाने. या बेटाच्या पोटात सिस्किविट नावाचे स्वतंत्र तळे आहे, आणि त्याच्या पाण्याची पातळी भोवतालच्या सरोवराच्या पातळीहून सुमारे १७ मीटर उंच आहे. म्हणजे सरोवरातले पाणी या तळ्यात चढू शकत नाही. तळ्याच्या गाळात मनुष्यनिर्मित काही आढळले, तर ते आकाशातूनच पडलेले असले पाहिजे. रसायनशास्त्रज्ञ रोनाल्ड हाइट्स आणि त्यांचे सहकारी यांनी नेमके हे तळे निवडले. त्या काळी डायॉक्सिन या अतिविषारी द्रव्यांविषयी मोठा वाद चालू होता. आगीत ही द्रव्ये आपोआप तयार होतात, आणि मनुष्य अग्नी पेटवावयास शिकला तेव्हापासून ती जगात आहेत, सबब आधुनिक उद्योगांना दोष देणे व्यर्थ होय, असा पक्ष उद्योगजगतातून हिरिरीने मांडला जात होता. वरवर पाहता हे म्हणणे बिनतोड दिसते. लाकूड तर सर्वांनीच जाळले आहे.

तळ्याच्या तळाचा गाळ म्हणजे निसर्गाने ठेवलेली रोजकीर्द होय. वर्षानुवर्षे धूळ, पानांचा चुरा, मेलेले सूक्ष्म जीव सावकाश खाली बसतात. कालच्यावर आजचा थर, आजच्यावर उद्याचा. आणि तेथे कोणी कारकून खाडाखोड करीत नाही. तळात एक पोकळ नळी उभी खुपसून गाळाचा स्तंभ जसाच्या तसा वर काढावयाचा, तो आडवा कापून पातळ चकत्या पाडावयाच्या, प्रत्येक चकतीचे वय तिच्यातील किरणोत्सर्गी अंशांवरून ठरवावयाचे, आणि मग त्या मूठभर चिखलातून अब्जांशाहूनही सूक्ष्म प्रमाणात असलेले द्रव्य वेगळे करून मोजावयाचे, असे हे काम. १९८४ साली ‘सायन्स’ या साप्ताहिकात त्याचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. खालच्या, जुन्या थरांत डायॉक्सिने जवळजवळ नव्हती. सुमारे १९४० पासूनच्या थरांत ती वाढत गेली. कोळसा तर त्यापूर्वीही भरपूर जळत होता, वणवे तर अनादि कालापासून लागत होते. १९४० नंतर नवीन आले ते क्लोरीनयुक्त कृत्रिम रसायनांचे युग, आणि त्यांचा कचरा जाळणाऱ्या भट्ट्या. जेथे एकही कारखाना नाही त्या बेटावरच्या चिखलाने साक्ष दिली, आणि अग्नीच्या प्राचीनत्वावर उभारलेला तो युक्तिवाद ढासळला. हाइट्स पुढे त्याच तळ्याकडे परतले, तेव्हा वरच्या थरांनी आणखी एक गोष्ट सांगितली: १९७० च्या दशकात कळस गाठल्यानंतर ही द्रव्ये ओसरू लागली होती. १९७० मध्येच हवेच्या शुद्धतेचा कडक कायदा झाला होता. कायद्याचा शब्द वातावरणातून उतरून तळ्याच्या तळाशी थर होऊन बसलेला दिसावा, याहून लोकप्रशासनाच्या विद्यालयाला अधिक हृद्य असे काय असू शकेल? ‘सायन्स’मधील त्या लेखावर लेखकांच्या नावाखाली पत्ता होता तो याच विद्यालयाचा; ‘पब्लिक अफेअर्स’ हे शब्द डायॉक्सिनच्या आलेखांशेजारी छापलेले पाहून ज्यांना नवल वाटले असेल, त्यांनी कॉल्डवेल यांचा १९६३ चा लेख वाचलेला नसणार.

या विद्यालयाशी जोडलेले आणखी एक नाव सर्वश्रुत आहे. एलिनॉर ऑस्ट्रम १९६५ मध्ये पतीसमवेत ब्लूमिंग्टनला आल्या तेव्हा त्यांच्यासाठी प्राध्यापकाची कायम जागा नव्हती. मंगळवारी, गुरुवारी आणि शनिवारी सकाळी साडेसातचा तास घेणारे कोणी हवे होते, तो त्यांनी पत्करला. लॉस एंजेलिसजवळच्या भूजलावर त्यांनी प्रबंध लिहिला होता. समुद्राचे खारे पाणी विहिरींत शिरू लागले तेव्हा पाणी उपसणाऱ्यांनी आपसांत करार कसे केले, हा त्याचा विषय. ब्लूमिंग्टनला आल्यावर त्यांनी इंडियानापोलिसच्या उपनगरांतील लहान पोलीसदले आणि शहराचे मोठे दल यांची तुलना विद्यार्थ्यांना घेऊन, घरोघरी जाऊन केली, आणि मोठे ते उत्तम हा तत्कालीन प्रशासनशास्त्राचा गृहीत सिद्धान्त डळमळीत केला. १९९० च्या त्यांच्या ग्रंथात स्वित्झर्लंडची कुरणे, जपानमधील गावराने आणि स्पेनमधील पाटपाण्याच्या पंचायती यांचा वृत्तान्त आहे. जेथे माणसे एकमेकांना ओळखतात आणि नियम स्वतः करतात तेथे सामायिक मालमत्ता टिकू शकते, हे त्यांनी दाखविले. २००९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळविणाऱ्या त्या पहिल्या स्त्री ठरल्या. राज्यशास्त्राबरोबर त्यांची नेमणूक स्पीयातही होती. त्यांच्याविषयी मराठीत स्वतंत्रपणे लिहावयास हवे. गावकीचे पाणी आणि गायरान यांच्या आठवणी अजून ज्या भाषेत जिवंत आहेत, तिच्यात त्यांचे विचार परके वाटणार नाहीत.

कॉल्डवेल २००६ मध्ये ब्लूमिंग्टन येथेच निवर्तले. २०१९ मध्ये विद्यालयाला पॉल ओनील यांचे नाव देण्यात आले. १९६६ साली इंडियाना विद्यापीठातून लोकप्रशासनाची पदवी घेतलेले हे गृहस्थ पुढे अमेरिकेचे अर्थमंत्री झाले, आणि त्यांनी विद्यालयाला ३ कोटी डॉलर दिले.

कॉल्डवेल यांच्या त्या साक्षीचा धागा आपल्यापर्यंत कसा येतो, तेही सांगितले पाहिजे. भोपाळच्या दुर्घटनेनंतर १९८६ साली आपल्या संसदेने पर्यावरण संरक्षण अधिनियम केला, आणि त्याखाली २७ जानेवारी १९९४ रोजी निघालेल्या अधिसूचनेने मोठ्या प्रकल्पांना परिणामांच्या मूल्यमापनाची अट घातली. १९९७ मध्ये तीत जनसुनावणी आली, आणि सप्टेंबर २००६ च्या नव्या अधिसूचनेने सर्व कार्यपद्धती बारकाईने आखून दिली. अहवाल शेकडो पानांचा आणि इंग्रजीत असला तरी त्याचा सारांश स्थानिक भाषेत द्यावयाचा. निदान तीस दिवस आधी नोटीस काढावयाची. सुनावणी प्रदूषण नियंत्रण मंडळाने भरवावयाची आणि अध्यक्षस्थान जिल्हाधिकाऱ्यांनी किंवा त्यांच्या वतीने अपर जिल्हाधिकाऱ्याच्या दर्जाहून कमी नसलेल्या अधिकाऱ्याने घ्यावयाचे. कोकणात समुद्रकाठी वा विदर्भात कोळशाच्या खाणीजवळ जेव्हा असा मंडप पडतो, तेव्हा तेथील मच्छीमाराच्या किंवा शेतकऱ्याच्या हाती मराठी सारांशाची जी काही पाने येतात, त्यांत आपल्या खाडीचे, आपल्या विहिरीचे नाव तो बोट ठेवून शोधतो. सारांशात ते नसेल तर उठून तेवढे विचारण्याचा अधिकार त्याला आहे. बोललेला प्रत्येक मुद्दा इतिवृत्तात उतरावा लागतो, आणि सुनावणी संपण्यापूर्वी ते इतिवृत्त जमलेल्या लोकांना त्यांच्या भाषेत वाचून दाखवून, त्याच दिवशी त्यावर सही करावी लागते.